मोर्चाच्या तोंडाशी वाशीम हवं

2023 साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की समलिंगी विवाहाची मागणी ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे. देशभरातले समलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी संतापले. तो संताप रास्त होता. त्याच वर्षी 17 ऑक्टोबरला निकाल लागला. विवाहाचा हक्क मिळाला नाही, पण सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात या आक्षेपाचा समाचार घेतला. क्वीअर, म्हणजे समलिंगी-पारलिंगी, असण्याचा शहराशी किंवा श्रीमंतीशी संबंध नाही, हे त्यांनी सविस्तर मांडलं.

न्यायालयाला जे उमगलं ते चळवळीला उमगलंय का, एवढाच आजचा प्रश्न.

सरकारच्या त्या आक्षेपाचं सगळ्यात सणसणीत उत्तर आमच्या वाशीम जिल्ह्यात आहे. रिसोडच्या सोयाबीनच्या वावरात आहे, मानोऱ्याच्या तांड्यावर आहे, मंगरूळपीरच्या एसटी स्टँडवर आहे, कारंज्याच्या गल्लीत आहे. 1 जुलै 1998ला अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, नीती आयोगाने आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेला, म्हणून यादीत घातलेला हा जिल्हा. समलिंगी माणसं इथेही आहेत, जशी ती सगळीकडे असतात. पण त्या खटल्याच्या दिवसांत टीव्हीवर आणि परिसंवादांत दिल्ली, मुंबई, हैदराबाद, बंगळूरचेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसले. याचिकाकर्त्यांत पंजाबातल्या मुक्तसरची एक दलित तरुणीही होती. ती किती जणांच्या लक्षात राहिली?

समूहात एकी किती, हे लोक मोर्चाच्या पुढे कोण चालतं त्यावरून ठरवतात. मी म्हणतो, मागे कोण राहिलं ते आधी बघा.

एलजीबीटीक्यू ही अक्षरं फलकावर शेजारी शेजारी लिहिता येतात. वाशीममध्ये ती एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. बाजाराच्या दिवशी दुकानादुकानांतून टाळी वाजवत येणारी तृतीयपंथी समोर आली, की कॉलेजात शिकणारा गे मुलगा मान खाली घालतो. तिने ओळखीचं हसू दिलं तर गावाला कळेल, ही त्याची धास्ती. तिला वाटतं, हा शिकलेला, पँट-शर्टातला, उद्या पुण्याला निघून जाणार. याचं आपलं काय नातं? एकमेकींवर जीव असलेल्या दोन मुलींना या दोघांचाही पत्ता नाही. त्यांच्या हातात स्वतःचा मोबाइल असेल तरी तो भावाच्या तपासणीतून जातो. आणि जन्मतः मुलगी ठरवला गेलेला पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा पारलिंगी पुरुष कुणाच्याच हिशेबात नाही. तृतीयपंथीयांच्या डेऱ्यात, म्हणजे गुरू-चेल्यांच्या घरात, त्याला जागा नाही, प्राइड मोर्चाच्या फोटोत तो नाही आणि बायकांच्या बचत गटातही त्याचं मन रमत नाही.

2011च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांपलीकडचा ‘इतर’ हा रकाना पहिल्यांदा आला. देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 माणसं त्यात नोंदली गेली. गे आणि लेस्बियन माणसांसाठी तर रकानाच नव्हता. सरकारने ज्यांना धड मोजलं नाही, त्यांनी आपसात तरी एकमेकांना मोजायला हवं.

विदर्भाने दीड वर्षाच्या आत दोन बातम्या पाहिल्या. डिसेंबर 2017च्या अखेरीस यवतमाळच्या एका हॉटेलात लग्न झालं. अमेरिकेत नोकरी करणारा यवतमाळचा मुलगा आणि त्याचा व्हिएतनामचा जोडीदार. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 तेव्हा जिवंत होतं. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते 6 सप्टेंबर 2018ला संपलं. त्यामुळे ते लग्न हिमतीचंच होतं आणि बातमी देशभर गेली. पुढे जून 2019मध्ये नागपुरात तृतीयपंथीयांच्या गटांतल्या वादातून एकीचा जीव गेला. अटक झाली ती तृतीयपंथीयांच्याच वजनदार गटातल्या माणसांना.

पहिल्या बातमीच्या वेळी ‘हे आमचे’ म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या बातमीच्या वेळी ‘तो त्यांच्यातला वाद’ म्हणून अंग काढून घेणं त्याहून सोपं होतं. ‘आमचे’ आणि ‘त्यांच्यातला’ यांच्यामधली ही रेघ पुसली जात नाही, तोवर एकीच्या घोषणा पोकळ आहेत.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. म्हणून डेऱ्यांच्या गुरुमंडळींना आधी चार शब्द. घरच्यांनी हाकलून दिलेल्या पोराला डेऱ्याने छप्पर दिलं, नाव दिलं, मायेचं माणूस दिलं. हे ऋण कुणी नाकारू नये. सरकार आणि समाज झोपलेले असताना हे काम डेऱ्यांनी केलं. पण चेल्याच्या कमाईतला वाटा, घराणं सोडायचं तर दंड, आणि ऐकलं नाही तर जमातीबाहेर काढणं, हेही तिथेच चालतं. जात पंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा तो 2016चा कायदा जुलै 2017पासून लागू आहे. गावकीने वाळीत टाकलं तर गुन्हा आणि जमातीने टाकलं तर परंपरा, असं कसं चालेल? शिकायचं म्हणणाऱ्या, नोकरी करू पाहणाऱ्या, निर्वाण (लिंगछेद) न करता राहणाऱ्या चेल्याला डेऱ्याचं दार उघडंच राहिलं पाहिजे.

शहरातल्या मंडळींचा हिशेबही मांडू. 2017 साली पुण्यात प्राइडच्या आधी ‘सभ्य कपडे घालून या’ या सूचनेवरून जुंपली. आयोजकांची अडचण मी समजू शकतो. मराठी मध्यमवर्गीय आई-बाप मुलाचा हात धरून पहिल्यांदाच रस्त्यावर येणार असतील, तर ते बिचकू नयेत, ही इच्छा चुकीची नव्हती. पण सभ्य दिसण्याची सोय कुणाला असते? बँकेतली नोकरी करणारा मुलगा साधा कुडता घालून गर्दीत मिसळून जातो. अकोला-पूर्णा गाडीत साडी नेसून हात पसरणारीला ती सोय नाही. तिचं सगळं जगणंच लोकांना असभ्य वाटतं. चळवळ सभ्य दिसावी म्हणून तिला मागे ठेवलं, तर लोकांनी तिच्याशी जे केलं तेच आपण केलं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं, असं नाही. 1969मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधल्या पोलिसी छाप्याविरुद्ध उठाव झाला आणि त्यातून जगभरच्या प्राइडची परंपरा सुरू झाली. त्या काळात रस्त्यावर लढणाऱ्यांत सिल्व्हिया रिव्हेरा होती : गरीब, पारलिंगी, रस्त्यावर वाढलेली. चारच वर्षांनी, 1973च्या जूनमध्ये, त्याच चळवळीच्या मेळाव्यात ती व्यासपीठावर चढली आणि तुरुंगात सडणाऱ्या आपल्या माणसांबद्दल बोलू लागली. समोरच्या गर्दीने, तिच्याच माणसांनी, तिची हुर्यो उडवली. आज तिचे फोटो प्राइडच्या फलकांवर असतात. गेल्यावर फोटो लावणं सोपं असतं. जिवंतपणी बोलू देणं अवघड.

आपल्याकडे यात जात मिसळते. 2015च्या दिल्ली प्राइडमध्ये काही दलित क्वीअर तरुण आपली जात सांगत, स्वतःचा झेंडा घेऊन चालले. ‘इथे जात कशाला आणता’ असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. जात त्यांनी आणलेली नाही. ती मोर्चात आधीपासून चालत होती. त्यांनी फक्त बोट दाखवलं. ज्यांना समाजाने एका पंगतीला बसू दिलं नाही, त्यांनी आपल्या पंगतीत पुन्हा पाट वेगळे मांडायचे, याहून मोठी शोकांतिका कोणती? श्रीरामपूरच्या दिशा पिंकी शेख यांनी कवितेतून आणि राजकारणातून लिंग आणि जात हे दोन्ही प्रश्न एकत्रच मांडले. त्यांच्यासारख्या कवयित्रीला बोलवायचं ते कार्यक्रमाच्या शेवटी दोन कविता वाचायला नव्हे, कार्यक्रम ठरवायला बोलवायला हवं.

वाशीमच्या दृष्टीने सगळ्यात कळीचा मुद्दा मात्र आरक्षणाचा आहे, आणि शहरी चर्चांत तो सगळ्यात कमी ऐकू येतो. तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या 15 एप्रिल 2014च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यायला सांगितलं. कसं द्यायचं, तो प्रश्न लोंबकळत राहिला. मध्य प्रदेशने 2023मध्ये त्यांना ओबीसींच्या यादीत घातलं. वरवर बरं दिसतं. आता वाशीममध्ये लावून बघा. पोहरादेवी आमच्या मानोरा तालुक्यातलं, बंजारा समाजाची काशी. त्या परिसरातल्या तांड्यावरची पारलिंगी मुलगी जन्माने विमुक्त जातींच्या प्रवर्गात आहे. तृतीयपंथी म्हणून तिला ओबीसीत ढकललं, तर दोन अन्यायांतल्या एकावरचा दावा तिने सोडून द्यायचा. अनुसूचित जातीत मोडणाऱ्या बौद्ध वस्तीतल्या मुलीलाही तेच. सवर्ण घरातल्या पारलिंगी व्यक्तीला मात्र काहीच सोडावं लागत नाही.

यावर तोड आहे आणि ती महाराष्ट्राला चांगली माहीत आहे : समांतर आरक्षण. महिला, माजी सैनिक, दिव्यांग आणि अनाथ यांना ते इथे आहेच. प्रत्येकाने आपापल्या प्रवर्गात राहून आपला हक्क घ्यायचा. कर्नाटकाने 2021मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना 1 टक्का समांतर आरक्षण दिलं. तामिळनाडूत ग्रेस बानू या दलित पारलिंगी अभियंतीने याच मागणीसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्राइडच्या मागणीपत्रात ही मागणी पहिल्या ओळीत असायला हवी. लग्नाच्या हक्कासाठी जेवढा आवाज लागला, तेवढाच इथे लागला पाहिजे. ज्याला आरक्षणाची गरज नाही अशा गे तरुणाने ही घोषणा दिली, तर ती एकी. ज्या तृतीयपंथीला लग्न करायचंच नाही तिने विवाहाच्या हक्काची घोषणा दिली, तर तीही एकी. स्वतःच्या गरजेपुरतं ओरडायला एकी लागत नाही.

पोहरादेवीचा उल्लेख आणखी एका कारणाने केला. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा उत्तर हिंदुस्थानात आणला. त्यात दोन भाग होते. एका भागात जमाती, दुसऱ्यात हिजडे. एकाच कागदावर दोघांच्या कपाळी गुन्हेगार म्हणून शिक्का बसला. जमातींवरचा शिक्का पुढे देशभर पसरला आणि स्वातंत्र्यानंतर, 31 ऑगस्ट 1952ला पुसला गेला. म्हणून भटके-विमुक्त दर वर्षी 31 ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. वाशीमच्या तृतीयपंथीयांनी आणि तांड्यांनी हा दिवस एकत्र पाळावा. दोघांना इतिहासाने आधीच एका रांगेत उभं केलेलं आहे.

अशी सोबत महाराष्ट्राला नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवरच्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. महाड आणि काळाराम मंदिराचे सत्याग्रह करणारा, पुणे करारातून गेलेला हा नेता. त्याच्यापुढे कामांचा डोंगर होता आणि हा लढा ‘आपला नाही’ म्हणायला त्याला शंभर कारणं होती. तरीही तो उभा राहिला. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. पण आज आंबेडकरी वस्तीतला गे मुलगा ‘हे आपल्यातलं नाही’ असं घरात ऐकतो, तेव्हा त्याने हा खटला सांगावा. आणि उच्चवर्णीय क्वीअर तरुण ‘जातीचा इथे काय संबंध’ म्हणतो, तेव्हा त्यानेही हाच खटला वाचावा.

गाव मागास आणि शहर पुढारलेलं, हा समजही सोडून द्या. 2017 साली सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात तरंगफळच्या गावकऱ्यांनी ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथीयाला सरपंच केलं. 2021च्या ग्रामपंचायत निवडणुकीत जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत अंजली पाटील यांचा महिला जागेवरचा अर्ज नाकारला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, लढण्याचा हक्क मिळवला आणि निवडून आल्या. नागपुरात विद्या कांबळे 2018मध्ये लोकअदालतीच्या पॅनलवर बसल्या. ‘साबर बोंडं’ हा रोहन कानवडे यांचा मराठी चित्रपट 2025च्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. त्याची गोष्ट खेड्यातली आहे : बापाच्या सुतकात गावी आलेला मुलगा आणि त्याचा शेती करणारा मित्र. जगाने ज्या प्रेमाला मान दिला ते प्रेम वावरातलं आहे, हे शहरातल्या चळवळीने नीट ध्यानात घ्यावं. गाव बदलायला तयार असतं. त्याच्याकडे जाणारा कुणी हवा.

मग काय करायचं? मोठ्या सभा नकोत. साधी कामं सांगतो.

2019चा कायदा आणि 2020चे नियम आल्यावर तृतीयपंथी ओळखीच्या प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन झाला आणि सही जिल्हाधिकाऱ्यांची. कागदावर सोपं. पण ज्याने बाराव्या-तेराव्या वर्षी घर सोडलं त्याच्याकडे शाळेचा दाखला नसतो, रेशन कार्डावरून नाव गेलेलं असतं, पत्ता डेऱ्याचा असतो आणि मोबाइलवर इंग्रजी अर्ज भरता येत नाही. वाशीममधल्या शिकलेल्या गे मुलांनो, तुमच्याकडे लॅपटॉप आहे, भाषा आहे. स्वतःबद्दल एक अक्षरही कुणाला सांगू नका, तुमचं गुपित तुमच्यापाशी ठेवा. पण एका तृतीयपंथी बाईचा अर्ज भरून द्या. तुमची एकी तिथून सुरू होईल.

डेऱ्यातल्या वडीलधाऱ्यांनो, गावात तुमचा वचक आहे. एखाद्या मुलाला चौकात ‘बायल्या’ म्हणून घेरलं जातं, तेव्हा तुम्ही तिथे जाऊन उभ्या राहिलात तर टोळकं पांगतं. तो मुलगा तुमच्या जमातीतला नसेल. तरीही जा.

घरच्यांच्या दबावाला कंटाळून लग्नाला होकार देऊ पाहणाऱ्या मुलांनो, थांबा. तुमच्या भीतीची किंमत एका मुलीने आयुष्यभर का द्यायची? समावेशाची भाषा बोलायची तर ती मुलगीही त्यात धरा.

मुंबईत 1995 साली ‘स्त्री संगम’ सुरू झालं. पुढे ते ‘लेबिया’ या नावाने काम करू लागलं. समलिंगी स्त्रिया आणि पारलिंगी पुरुषांचे प्रश्न त्यांनी तीन दशकं मांडले. अशा गटांनी, नागपुरातल्या सारथी ट्रस्टसारख्या संस्थांनी पश्चिम विदर्भात यावं. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. कारंजा आणि मालेगावला उतरता येतं. येताना झेंडे कमी आणि वकील, डॉक्टर, समुपदेशक जास्त घेऊन या. मराठीत बोला, जमलं तर वऱ्हाडीत आणि बंजारांच्या गोरमाटीत बोला. ‘जेंडर आयडेंटिटी’वर दोन तासांचं भाषण ऐकून आमच्या तांड्यावरची मुलगी मोकळी होणार नाही. ‘बाई, तुला कोणी मारतं का?’ असं विचारलं तर होईल.

आणि वाशीमकरांनो, हे सगळं ‘त्यांचं त्यांनी बघावं’ असं समजू नका. डेऱ्यात गेलेलं प्रत्येक लेकरू आधी कुणाच्या तरी घरातलं होतं. ते आपल्याच दारातून बाहेर पडलं. दार लावून घेणारे हात आपलेच होते. समलिंगी-पारलिंगी समूहात आज जी फूट दिसते, तिचं बी आपण पेरलंय. शिकलेल्याला लपायला लावलं, गरिबाला रस्त्यावर आणलं, मुलीला लग्नात कोंडलं. मग ते एकमेकांना भेटणार कुठे?

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, जो समूह आपल्यातल्या सगळ्यात गरीब, सगळ्यात खेड्यातल्या, सगळ्यात खालच्या जातीत ढकललेल्या माणसाला पुढे घेईल, त्याला कुणी उच्चभ्रू म्हणू शकणार नाही. पुढच्या वेळी दिल्लीत हा प्रश्न निघेल तेव्हा साक्षीला वाशीम बोलवा. पुढच्या वेळी मुंबई-पुण्यात प्राइड निघेल तेव्हा पहिली ओळ वाशीम, नंदुरबार, गडचिरोली, धाराशिवला द्या. मुंबई-पुण्याने एक वर्ष दुसऱ्या ओळीत चालून बघावं. त्याने मोर्चा लहान होणार नाही.